संमतीचे वय आणि आपली जबाबदारी

(संस्थेच्या वर्षावास व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



आजचा विषय अवघड आहे. घरात आणि विहारात सहसा कोणी तो काढत नाही. परंतु याच मौनामुळे कितीतरी लेकरांची आयुष्ये करपली आहेत, म्हणून त्यावर बोललेच पाहिजे.

संमतीचे वय म्हणजे काय? ज्या वयाच्या आतील मुलाने वा मुलीने शरीरसंबंधास 'हो' म्हटले तरी कायदा ते 'हो' मानत नाही, ते वय. आम्ही बँकेत नोकरी करतो. अज्ञान मुलाच्या सहीवर बँक एक रुपयाही कर्ज देत नाही. कारण १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे अज्ञानाला करार करताच येत नाही. पैशाच्या बाबतीत ही दक्षता आपल्याकडे दीडशे वर्षांपासून आहे. मुलीच्या देहाच्या बाबतीत ती यायला मात्र फार काळ लागला.

१८६० च्या दंडसंहितेत हे वय अवघे १० वर्षे होते. १८९० साली कलकत्त्यात फुलमणी नावाच्या कोवळ्या मुलीचा नवऱ्याच्या बळजबरीने मृत्यू झाला. तिने दहा वर्षे ओलांडलेली होती, त्यामुळे बलात्काराचा गुन्हा लागू शकला नाही. नवऱ्याला केवळ एक वर्षाची सक्तमजुरी झाली. पुढच्याच वर्षी, १८९१ मध्ये, सरकारने हे वय १२ केले. त्यालाही महाराष्ट्रात मोठा विरोध झाला. लोकमान्य टिळक विरोधात होते, तर आगरकर कायद्याच्या बाजूने उभे राहिले. धर्मात हात घालू नका, असा विरोधकांचा ओरडा होता. तो धर्म कोणता? तीस वर्षांच्या पुरुषाने बारा वर्षांच्या कन्येशी विवाह करावा, असे सांगणारी मनुस्मृती! तीच मनुस्मृती २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळण्यात आली. २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या आयाबहिणींना सांगितले की, मुलामुलींची लग्ने घाईने उरकू नका. म्हणजे हा प्रश्न आपल्या चळवळीला परका नाही.

पुढे संमतीचे वय १६ झाले. पण वय वाढले तरी नजर बदलली नाही. २६ मार्च १९७२ रोजी त्यावेळच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. डॉक्टरांच्या मते तिचे वय १४ ते १६ होते. सत्र न्यायालयाने वय सिद्ध झाले नाही म्हणून आरोपींना सोडले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने एका पोलिसाला पाच वर्षे आणि दुसऱ्याला एक वर्ष शिक्षा दिली. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोघांनाही निर्दोष सोडले. तिच्या अंगावर जखमा नव्हत्या, तिने ओरड केली नाही, हे मुद्दे महत्त्वाचे ठरले. पोलीस ठाण्यात रात्रीच्या वेळी एक गरीब पोर ओरडेल कुणापुढे, हा विचार झाला नाही.

देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या, तेव्हा १९८३ साली कायदा बदलून किमान शिक्षा ठरविण्यात आली. परंतु 'पुरेसे व विशेष कारण' असल्यास न्यायाधीशाने शिक्षा कमी करावी, अशी वाटही ठेवली. १९८९ मध्ये हरियाणातील एका खटल्यात दोन पोलिसांची दहा वर्षांची शिक्षा मुलीच्या 'वर्तना'चे कारण देऊन पाच वर्षांवर आणली गेली. गुन्हा पुरुषाचा आणि झडती मुलीच्या चारित्र्याची! ही वाट २०१३ मध्ये बंद झाली.

त्याआधी १४ नोव्हेंबर २०१२ पासून पोक्सो कायदा लागू झाला होता. या कायद्याने १८ वर्षांखालील प्रत्येकाला, मुलगा असो वा मुलगी, बालक मानले. २०१९ च्या दुरुस्तीनंतर १६ वर्षांखालील बालकावर बलात्कारासारखा अत्याचार करणाऱ्यास किमान २० वर्षे शिक्षा आहे. तरीही १९ जानेवारी २०२१ रोजी नागपूर खंडपीठाने एका बारा वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात, कपड्यावरून केलेला स्पर्श म्हणजे पोक्सोखालील लैंगिक हल्ला नव्हे असे ठरवून, तीन वर्षांची शिक्षा एक वर्षावर आणली. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला तो निर्णय रद्द केला. हेतू पाहायचा, कपडा नव्हे, हे तेव्हा स्पष्ट झाले.

आता आमच्या मनावरचे ओझे सांगतो. आठ-नऊ वर्षांपूर्वी आमच्या वस्तीत तिसरीतल्या एका मुलीशी शेजारच्या गृहस्थाने दुष्कर्म केले. गृहस्थ जयंतीच्या वर्गणीत पुढे असणारे. समाजाची बदनामी नको म्हणून रात्री बैठक बसली. गृहस्थांनी माफी मागितली, औषधपाण्याला पाच हजार रुपये दिले आणि समजुतीचा कागद झाला. अक्षर चांगले म्हणून तो कागद आमच्याकडून लिहून घेतला. मुलीच्या आईने एवढेच विचारले, "दादा, ह्यात माझ्या पोरीला काय भेटलं?" आम्ही मान वर केली नाही. वर्षभरात ते कुटुंब वस्ती सोडून गेले. गृहस्थ आजही मानाने फिरतात.

न्यायालयांनी दिलेल्या सौम्य शिक्षांवर आम्ही वर टीका केली. पण एक वर्षसुद्धा नाही, फक्त पाच हजार रुपये, ही सर्वांत सौम्य शिक्षा आम्ही दिली. पोक्सोप्रमाणे असा गुन्हा माहीत असून न कळविणे हाही गुन्हा आहे, हे आम्हाला नंतर कळले. माहीत नव्हते, ही सबब पुरेशी नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठीही दोन शब्द. सतरा वर्षांची मुलगी आणि एकोणीस वर्षांचा मुलगा यांचे प्रेम असले तरी कायद्याने तो गुन्हाच ठरतो. मुलगा आपल्या समाजाचा असला की मुलीकडचे लोक हाच कायदा त्याच्यावर उगारतात, हेही आपण पाहतो. म्हणून वय खाली आणा, अशी मागणी होते. विधी आयोगाने सप्टेंबर २०२३ च्या अहवालात १८ हेच वय ठेवावे, मात्र १६ ते १८ मधील अशा संबंधांत न्यायाधीशांना शिक्षेबाबत विवेक वापरू द्यावा, असे सुचविले. आमचेही मत तेच आहे. वय खाली आणले तर त्या गृहस्थासारख्यांचेच फावेल. तोवर तुम्ही अठरा पूर्ण होईपर्यंत थांबा, शिका.

पंचशीलातील तिसरे शील आपण रोज म्हणतो. सालेय्यक सुत्तात तथागतांनी त्याचा अर्थ सांगताना आई, बाप, भाऊ, बहीण, नातलग यांच्या रक्षणाखालील मुलींचा उल्लेख केला आहे. म्हणजे रक्षण करणे हे आपले काम आहे. म्हणून संस्थेपुढे आम्ही चार गोष्टी ठेवतो. अशा प्रकरणात समजुतीची बैठक कधीही बसवू नये. त्याच दिवशी पोलीस किंवा १०९८ या क्रमांकावर कळवावे. मुलीचे नाव कोणी कोठेही उच्चारू नये. आणि निकाल लागेपर्यंत प्रत्येक तारखेला संस्थेचा एक माणूस त्या आईबापांसोबत न्यायालयात जावा. पहिल्या तारखेला जायला आम्ही तयार आहोत.

कायद्यातले वय १० वरून १८ वर यायला दीडशे वर्षे लागली. त्या माउलीच्या प्रश्नाचे उत्तर द्यायला आपण तेवढा वेळ लावू नये.

नमो बुद्धाय! जयभीम!