सुई टोचली, तर नोंद करा

साताऱ्याचं क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालय असो, सांगलीचं वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय असो, की आडगावचं आरोग्य केंद्र. वापरलेली सुई कुणाच्याही बोटात घुसू शकते. परिचारिकेच्या, तशीच कचरा उचलणाऱ्या मावशींच्याही.

बोट पिळू नका, तोंडात घालू नका. साबणानं, वाहत्या पाण्याखाली धुवा आणि लगेच डॉक्टरांना गाठा. एचआयव्ही प्रतिबंधक गोळ्या शक्यतो २ तासांत, फार तर ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हव्यात. त्या २८ दिवस घ्यायच्या. बाधित रक्ताची सुई टोचली तरी एचआयव्हीची शक्यता हजारात साधारण ३. लस न घेतलेल्याला ‘ब’ काविळीचा धोका मात्र शंभरात ३० पर्यंत!

आता कागदाकडे वळू. केसपेपरवर नुसतं ‘बोटाला जखम’ लिहिलं, की कारणच हरवतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० या आजारांच्या वर्गीकरणात इंजेक्शनच्या सुईशी संपर्क याचा कोड डब्ल्यू ४६. एचआयव्हीशी संपर्क झेड २०.६, विषाणूजन्य काविळीशी झेड २०.५. संपर्क म्हणजे आजार नव्हे, हे फार महत्त्वाचं. झेड २०.६ ऐवजी चुकून एचआयव्ही आजाराचा कोड बी २४ पडला, तर धडधाकट माणूस कागदावर एचआयव्हीचा रुग्ण ठरतो. हा अन्यायच आहे.

२०१७च्या एचआयव्ही कायद्यानं असा धोका असलेल्या कर्मचाऱ्यांना ही प्रतिबंधक औषधं देणं संस्थेवर बंधनकारक केलं आहे. मावशी, मामा, सुई टोचली तर लपवू नका. त्याच पाळीत नोंद करून घ्या.