आधी बकऱ्याचे डोळे

नेत्रतज्ज्ञ मित्रमैत्रिणींनो आणि ओपीडी कुणाच्या तरी गळ्यात मारून आलेल्या निवासी डॉक्टरांनो,

मिरजेत आपलं स्वागत. डॉ. वानलेस यांनी 1894 मध्ये इथे रुग्णालय उघडलं, तेव्हापासून परगावचा रुग्ण या गावाला नवा नाही. त्याही आधी तलवारींना धार लावणारे फरीदसाहेब शिकलगार इथेच सतारी घडवू लागले. सवड काढून सतारमेकर गल्लीत जा आणि भोपळ्यावर फिरणारे हात बघा. हात तयार व्हायला किती वर्षं लागतात, ते तिथे कळतं.

माझा हात एका शिबिरात तयार व्हायला लागला. पहिल्याच मोतीबिंदूला माझी ऱ्हेक्सिस पळाली. सरांनी एक शब्द न बोलता कोपराने मला बाजूला केलं आणि केस निभावून नेली. सकाळी पट्टी सोडली, तर आजी माझ्याच पाया पडायला वाकल्या! पण सहा आठवड्यांनी त्यांना किती दिसत होतं, हे मला आजही सांगता येणार नाही. नोंदच नव्हती.

पुण्याच्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयात डॉ. परीक्षित गोगटे आणि सहकाऱ्यांनी हीच नोंद चोख ठेवली. रुग्ण 400, चिठ्ठी निघेल तसं कुणाला फेको, कुणाला बिनटाक्याची एसआयसीएस. सहा आठवड्यांनी बिनचष्म्याच्या नजरेत फेको पुढे होती. चष्मा लावल्यावर मात्र दोन्हीकडे 98 टक्क्यांहून जास्त जण 6/18 किंवा त्याहून बरं वाचत होते. 2005 मध्ये हे प्रसिद्ध झालं. महागड्या यंत्राविना गरिबाला नजर देता येते, हे आपल्याच मातीतल्या रुग्णांनी जगाला दाखवलं. ही नोंद ठेवायला लागलं काय? तक्ता, टॉर्च, स्लिट लॅम्प आणि फेरतपासणीला न आलेल्याला निरोप धाडणारा माणूस.

म्हणून या वेळी निवासी डॉक्टरांकडून आम्ही देखणे व्हिडिओ मागवलेले नाहीत. स्वतः केलेल्या केसेस, त्यांतल्या किती पीसी फाटल्या आणि सहाव्या आठवड्याची नजर, एवढंच मागवलं. तिघांनी पाठवलं. त्यांचं सत्र सकाळचं पहिलं ठेवलंय, भरल्या सभागृहात.

वेट लॅब दुपारी दोनला, मागच्या शेडमध्ये. बकऱ्याचे डोळे पहाटेच खाटकाकडून आलेत. भिंग कडक व्हावं म्हणून काही मायक्रोवेव्हमध्ये फिरवून ठेवलेत. ते डबे बर्फाच्या पेटीत आहेत. श्रीखंडाची पेटी शेजारचीच आहे, तेवढं झाकणावरचं लेबल वाचून उघडा.