जुन्या साडीची घडी, दोरी मात्र उन्हात

घरातली पुरुषमाणसं रेडिओजवळ बसली असतील तर बसू द्या, त्यांनीही ऐकावं. आज पाळीच्या कापडी पॅडबद्दल बोलायचंय.

आमच्या घरात मी, जाऊबाई आणि माझी मुलगी. महिन्याला पाच पाकिटं, ३५ रुपयांना एक, म्हणजे १७५ रुपये. वर्षाचे २१०० झाले. एका वर्षी सोयाबीनला भाव मिळाला नाही, तेव्हा मी पाकिटं मुलीपुरतीच आणली आणि स्वतः हाताला लागेल ती चिंधी वापरली. नायलॉनसुद्धा! मांड्या सोलून निघाल्या. मग शिलाई मशीन पुढे ओढलं.

कापड सुतीच हवं. दोन मीटर फ्लॅनेल आणि मऊ झालेली एक जुनी साडी यांत आमचे १८ पॅड झाले. फ्लॅनेल, दोरा, टिचबटणं मिळून ३०० रुपयांच्या आत भागलं. नवं कापड आधी धुऊन घ्या, ते आटतं. विकतचा पॅड कागदावर ठेवून, दोन्ही पंखांसह आकार काढा आणि शिवणीसाठी अर्धा इंच जास्त धरा. एक तुकडा फ्लॅनेलचा, एक साडीचा. सुलट बाजू आत ठेवून कडेनं शिवा, एका टोकाला तीन इंच तोंड उघडं ठेवा. उलटवा, तोंडाची कड दुमडून शिवा, पंखांना टिचबटण लावा. आत साडीची सहा पदरी घडी सरकवायची. मशीन नसेल तर हातानं बारीक टीप घाला.

घडी आत शिवून टाकू नका. मी पहिल्यांदा तसंच केलं, वर बारा पदर घातले. तो गठ्ठा दोन दिवस आतून ओलाच राहायचा.

धुताना आधी गार पाणी. गरम पाण्यानं रक्ताचा डाग पक्का बसतो. मग साबण, आणि साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळा.

खरी अडचण वाळवण्याची. साडीखाली लपवून, दमट कोपऱ्यात वाळवलं तर कुबट वास येतो, खाज सुटते. मी दोरी अंगणात बांधली तर सासूबाई म्हणाल्या, "अगं, माणसं येतात-जातात दारात." मी म्हटलं, "आत्याबाई, दवाखान्याचा खर्च यापेक्षा जास्त होईल." दोन दिवस अबोला होता. शेवटी त्यांनीच जागा दाखवली, न्हाणीमागं, जिथं दुपारपर्यंत ऊन असतं. पावसाळ्यात वाऱ्याला वाळवून वरून गरम इस्त्री फिरवा.

चार-सहा तासांनी पॅड बदलाच. एसटीनं लांब जायचं असेल तर मी अजून विकतचाच वापरते, त्यात कमीपणा नाही. खाज किंवा घाण वासाचं पाणी जात असेल तर आशाताईंना सांगा, घरी उपाय करत बसू नका.

गटाच्या पुढच्या बैठकीला मी कागदी नमुना आणि कात्री आणते. तुम्ही एकेक जुनी सुती साडी घेऊन या, धुऊन.