रानातील पाहुणे
(मंडळाच्या वाशीम येथील वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



गेल्या चैत्रात मंडळाच्या सहलीस गेलेल्या कुटुंबांच्या वतीने मी चार शब्द बोलावेत, अशी चिटणिसांची आज्ञा झाली. मी वक्ता नव्हे. माझे आयुष्य शाळेच्या चार भिंतींत गेले. परंतु मेळघाटात, सिपना नदीच्या काठी, कोलकास येथील वनविश्रामगृहात आम्ही दोन रात्री काढल्या. तेथे जे पाहिले ते आणि आमच्या हातून जे चुकले ते, अशी दोन्ही आपणांपुढे ठेवणे मी कर्तव्य समजतो.

जुन्या काळी वऱ्हाडाचे तीन भाग मानीत: उत्तरेस मेळघाट, मध्ये पयनघाट आणि दक्षिणेस बालाघाट. आपले वाशीम बालाघाटातले. म्हणजे आम्ही एका घाटावरून उतरून, पूर्णेच्या खोऱ्यातील काळी सपाटी ओलांडून, दुसऱ्या घाटावर चढलो. अकोला, दर्यापूर, अंजनगाव करीत परतवाड्यास पोहोचलो आणि तेथून सातपुड्याची वळणे सुरू झाली. सेमाडोह मागे टाकून काही अंतर गेल्यावर कोलकास आले. विश्रामगृह उंच काठावर आहे आणि खाली सिपना मोठे वळण घेऊन जाते.

मुलांची प्रथम थोडी निराशा झाली. चित्रांत पाहिलेली सदैव हिरवी, ओलीचिंब अरण्ये त्यांच्या मनात होती. येथे मात्र साग निष्पर्ण उभा आणि पायांखाली वाळल्या पानांचा चुरा. ‘‘आजोबा, हे कसले जंगल?’’ असे माझ्या नातवाने विचारलेच. मी त्याला म्हटले, हे उष्ण प्रदेशातील पानझडीचे रान आहे. उन्हाळ्यात पाणी वाचवावयाचे म्हणून झाडे पाने टाकून देतात. तीच पाने कुजून भूमीवर मऊ थर होतो आणि मृगाच्या सरी वाहून न जाता त्या थरातून हळूहळू खाली मुरतात. नदीची धार आटली तरी तिचे डोह भरलेले राहतात, त्यात या रानाचा मोठा वाटा आहे. आपण मागे टाकून आलेल्या गावाच्या नावातच डोह आहे, हे ऐकल्यावर त्याचे समाधान झाले. पहाटे त्याच डोहाकाठी आम्ही सांबरांचा कळप पाहिला. तो पाणी पिऊन गेला तोवर मंडळींपैकी कोणी एक शब्द उच्चारला नाही.

आता चुकीकडे वळतो. दुसऱ्या सायंकाळी आपल्यातील तरुणांनी ध्वनिक्षेपक लावला. गाणी झाली, भेंड्या झाल्या. मी स्वतः वयाने मोठा असून त्यांना आवरले नाही. उलट टाळ्या दिल्या. विश्रामगृहाचा खानसामा, एक वयस्क कोरकू गृहस्थ, जेवण वाढून बाजूस उभा होता. गाणे थांबल्यावर तो हलक्या आवाजात म्हणाला, ‘‘काका, हा आवाज चालू आहे तोवर पाण्यावर येणारी जनावरं तिकडं तहानलेली उभी राहतात.’’ त्याच्या बोलण्यात राग नव्हता. आपल्या घरी पाहुण्यास पायरी दाखवावी तसे त्याने दाखविले. ध्वनिक्षेपक तत्काळ बंद झाला. अर्ध्या घटकेने नदीपलीकडून चितळाचा इशारा ऐकू आला, तेव्हा आपण काय गमावीत होतो ते सर्वांस कळले.

रात्री मी त्या गृहस्थाजवळ बसलो. त्याचे काही आप्त या रानातून उठून अकोटच्या बाजूस गेले आहेत. बंधुंनो, १९७३ साली देशात व्याघ्रप्रकल्प सुरू झाला. त्यातील पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाट होते. पुढे वाघासाठी गाभ्याचे रान मोकळे असावे, या हेतूने बोरी, कोहा, कुंड ही गावे प्रथम उठली आणि नंतर आणखीही उठली. रान राखणे अवश्य होते, यात मला शंका नाही. रानपिंगळ्यासारखा पक्षी शंभरांहून अधिक वर्षे कोणाच्या दृष्टीस निश्चितपणे पडला नव्हता. तो १९९७ साली खानदेशात पुन्हा दिसला आणि पुढे मेळघाटातही आढळला. रान नसते तर तो कोठे राहता? परंतु ज्या शांततेचे भाडे आम्ही दोन रात्रींचे भरले, तिचे मोल कोणी घर सोडून, देवाचे ठाणे सोडून, पूर्वजांच्या खांबांचा निरोप घेऊन आधीच दिले आहे. गाव सोडताना काय होते ते आपल्यापैकी ज्यांची शेते धरणाखाली गेली त्यांस मी सांगावयास नको.

कोणी म्हणेल, हे मेळघाटाचे झाले, आपला त्याच्याशी काय संबंध? संबंध पाण्याचा आहे. आपला जिल्हा पाणलोटाच्या माथ्यावर बसला आहे. पैनगंगेचे पाणी गोदावरीस मिळून पूर्वसमुद्रास जाते. आपल्याच डोंगरात उगम पावणारी काटेपूर्णा मात्र उत्तरेस वळते, महानच्या धरणातून अकोल्याची तहान भागविते, पूर्णेस मिळते आणि चांगदेवाजवळ तापीत जाते. सिपनेचे पाणीही तापीतच येते. तेव्हा त्या खानसाम्याच्या दारचे पाणी आणि आपल्या दारचे पाणी चांगदेवाच्या संगमावर एकत्र होते. काटेपूर्णेच्या जलाशयाभोवतीही अभयारण्य आहे. आपल्या कारंजाजवळ काळविटांसाठी सोहोळचे रान राखले आहे. तेथे आपण क्वचितच जातो, आणि गेलो तर पत्रावळी व पिशव्या मागे टाकून येतो.

म्हणून मंडळापुढे तीन नम्र सूचना ठेवतो. पुढील सहलीत ध्वनिक्षेपक नेऊ नये आणि नेलेली प्रत्येक पिशवी परत आणावी. शिधा सगळा वाशीमहून न नेता मध, मोहफुले, भाजी, धान्य जे मिळेल ते तेथील लोकांकडून रास्त भावाने घ्यावे. आणि शिष्यवृत्तिनिधीप्रमाणेच दरवर्षी अल्पशी रक्कम बाजूस काढून काटेपूर्णेच्या उगमाकडील एखाद्या गावी झाडे लावावीत. लावून विसरू नये, तीन उन्हाळे पाणी घालावे.

आपले मंडळ ज्ञातीच्या मुलांच्या शिक्षणासाठी निघाले. आपल्यांपुरते पाहणे ही आरंभाची पायरी होती; ती वडिलांनी चढून दाखविली. पुढची पायरी चढणे आपल्याकडे आहे. निघताना त्या खानसाम्याने आमच्या मुलांस ‘‘पुन्हा या’’ म्हटले. आमच्या वर्तनानंतरही त्याने ते म्हटले, याची मला लाज वाटली आणि आनंदही झाला. पुढच्या वर्षी जे जातील त्यांनी त्याला माझा नमस्कार सांगावा आणि आधी चौकशी करावी की सायंकाळी जनावरे पाण्यावर केव्हा येतात.