टोपलीचा तळ

मंडळी, गेल्या महिन्यात आम्ही पुण्याला गेलो होतो. नारायण पेठेत, केसरीवाड्याजवळ, एका जुन्या वाड्याच्या ओसरीवर टोपल्या विणायचा वर्ग होता. तीन दिवसांचा. जन्मभर मुलांना शिकवलं. आता आम्हीच मांडी घालून शिकायला बसलो.

शिकवणाऱ्या मावशी रविवार पेठेतल्या बुरूड आळीच्या. सूप, रोवळी, दुरडी, लग्नातली झाल, सारे त्यांच्या हातातले.

पहिला दिवस नुसता बांबू चिरण्यात गेला. बांबू ओला हवा, लांब पेरांचा. कोयत्याने उभा चिरायचा; दोनाचे चार, चाराचे आठ. हिरवी पाठ चिवट, आतला पांढरा भाग लवकर मोडतो. कामटीची कड सुरीसारखी असते. आमची दोन बोटं कापली!

दुसऱ्या दिवशी तळ. कामट्या एकमेकींवर आडव्याउभ्या मांडायच्या, त्यांची टोकं चहूकडे पसरायची, आणि बारीक पट्टी एकीच्या खालून, एकीच्या वरून फिरवायची. आमची टोकं सोळा. दुसऱ्या फेरीला पाहतो तर पट्टी पुन्हा त्याच टोकांच्या वरून! वीण काही बसेना.

मावशी हसल्या. म्हणाल्या, "गुरुजी, टोकं विषम पाहिजेत." त्यांनी एक टोक मधोमध चिरलं. सतरा झाली. मग प्रत्येक फेरीला पट्टी आपोआप आलटूनपालटून बसू लागली. सम-विषम आम्ही फळ्यावर किती वर्षं शिकवलं, पण ते टोपलीत असतं हे ठाऊक नव्हतं.

एका टोपलीला आमचे दोन दिवस गेले, आणि ती कलतेच. बाजारात मात्र पाच-दहा रुपयांसाठी आम्ही सुपाचा भाव पाडत आलो. आमचीच गोष्ट सांगतो आहोत.

आता आपल्या गावाचं. बांबू खरं तर गवत. १९२७ च्या वनकायद्याने तो झाडांत धरला होता. २०१७ साली कायदा बदलला. जंगलाबाहेर लावलेला बांबू त्या कायद्याने आता झाड नाही. आपल्या बांधांवर बेटं आहेत, ती आपण अख्खे बांबू म्हणून स्वस्तात विकतो. आणि विणणारं घर गावात एकच उरलं. बुरूड आजींचा मुलगा शहरात मजुरीला गेला.

आजी शिकवायला तयार आहेत. पण फुकट नाही. त्यांची रोजची मजुरी आधी ठरवू, मग बसू. येत्या मंगळवारी, शाळेच्या ओसरीवर. कोयता आपापला आणावा, आणि बोटांना बांधायला चिंधी.