अ‍ॅमस्टरडॅमहून कतारगामला



घराच्या पायरीशी काठोकाठ पाणी दिसलं की सुरतेच्या माणसाला त्याचं सौंदर्य सुचत नाही, ऑगस्ट 2006 आठवतो. उकाई धरणाचं पाणी सुटलं, तापी घराघरांत शिरली, ते दिवस मी पाहिलेत. त्यामुळे भाचीकडे अ‍ॅमस्टरडॅमला गेलो तेव्हा तिथले कालवे बघताना आधी छातीत धस्स झालं. तिथली मंडळी मात्र समुद्रसपाटीखाली राहून पाण्याशेजारी खुशाल कॉफी पितात!

मला आवडली ती व्यापाऱ्यांची जुनी घरं. उंच, अरुंद, आणि माथ्यावर पुढे आलेली एक तुळई, तिला आकडा. होडीतून आलेला माल दोरानं थेट माळ्यावर चढवायचा. खाली शेठजींचं बिऱ्हाड, वर गोदाम. जिने इतके चिंचोळे की आजही कपाट-पलंग खिडकीतूनच आत घेतात. 17 व्या शतकात डच कंपनीची वखार सुरतेत होती. इथलं सुती कापड, नीळ तिकडे जायची. अशाच माळ्यांवर ती चढली असणार. आमच्या गाईडनं मिरी-दालचिनीचं कौतुक पुष्कळ केलं, सुरतेचं नाव काही घेतलं नाही. राग आला, खोटं कशाला बोलू?

तिथे 1638 साली सुरू झालेलं वनस्पतिउद्यान आहे. त्यात फिरताना हेंड्रिक व्हान रीड आठवला. मलबारातला हा डच अधिकारी. तिथल्या वैद्यांना हाताशी धरून त्यानं औषधी झाडांचा 'हॉर्टस मलबारिकस' हा 12 खंडांचा ग्रंथ तयार करवला. पहिला खंड 1678 मध्ये अ‍ॅमस्टरडॅमलाच छापला गेला. त्यात रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या तिघा वैद्यांची साक्ष आहे, कोकणी भाषेत, नागरी लिपीत. म्हणजे शिवछत्रपतींच्या हयातीत तिकडच्या छापखान्यात आपली अक्षरं उमटली होती.

हा व्हान रीड 1691 च्या डिसेंबरात सुरतेकडे येताना जहाजावरच वारला. त्याची कबर सुरतेतच, आपल्या कतारगाम दरवाजापाशी, डच कबरस्तानात आहे. खांबांची, भल्या घुमटाची. महाराज 1664 मध्ये सुरतेवर आले तेव्हा इंग्रजांच्या वखारीचा प्रमुख होता ऑक्झेंडेन. त्याच्या थडग्यावर ताण करायची म्हणून डचांनी व्हान रीडची कबर एवढी मोठी बांधली, असं म्हणतात. थडग्यातही चढाओढ! कतारगामात हिरे घासायच्या घंटीवर बसणारे हजारो हात आहेत, त्यांत आपले खानदेशी भाऊही आहेत. त्यातल्या किती जणांनी ही कबर आत जाऊन पाहिली असेल?

युरोपची सहल ज्याला जमेल त्यानं जरूर करावी. पण उधना, लिंबायत, पांडेसऱ्यातल्या माझ्या मराठी श्रोत्यांनो, येत्या रविवारी पोरांना घेऊन आधी कतारगामला जा. रिक्षाभाड्यात होतं.