गुप्तरोग आणि सक्तीचे औषध

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मुख्य भाग)



गुप्तरोग या नावातच त्यांच्या प्रसाराचे एक मोठे कारण दडलेले आहे. ज्या रोगाचे नावही उच्चारायचे नाही, तो डॉक्टरला दाखवणार कोण?

उपदंशाचा जंतू १९०५ साली बर्लिनमध्ये सापडला. या रोगाचा पहिला व्रण दुखत नाही व काही आठवड्यांत आपोआप भरून येतो. रोगी निर्धास्त होतो. जंतू मात्र शरीरात राहतो आणि गर्भवतीकडून पोटातल्या बाळापर्यंत पोचतो. परम्याची लागण झालेल्या अनेक स्त्रियांना तर कोणतेच लक्षण जाणवत नाही. हे दोन्ही रोग औषधाने बरे होतात. पण जोडीदारावरही उपचार झाले नाहीत, तर लागण पुन्हा होते.

शासनसंस्थेने मात्र औषधाआधी सक्ती वापरली. १८६८ साली ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानात सांसर्गिक रोगांचा कायदा केला. गोऱ्या सैनिकांच्या आरोग्यासाठी वेश्यांची नोंदणी व तपासणी सक्तीची झाली. रोगी स्त्रीला इस्पितळात डांबले जाई. गिऱ्हाइकाच्या तपासणीची तरतूद नव्हती. स्त्रिया नोंदणी चुकवू लागल्या आणि १८८८ साली कायदा रद्द करावा लागला.

हा धडा विसरला गेला. १९८९ साली गोव्यात डॉमिनिक डिसोझा या तरुण रक्तदात्याला, केवळ रक्तात एचआयव्ही आढळला म्हणून, पोलिसांकरवी पकडून स्थानबद्ध करण्यात आले. वास्तविक हा विषाणू संभोगातून, दूषित रक्तातून वा सुईतून आणि मातेकडून अपत्याकडे जातो. शेजारी बसल्याने वा एका ताटात जेवल्याने नव्हे. अशा अटकेमुळे रोग थांबत नाही. तपासणीला येणारे लोक तेवढे थांबतात.

खरा प्रश्न सत्तेचा आहे. जिला आजच्या भाकरीची भ्रांत आहे, ती स्त्री निरोधचा आग्रह धरू शकत नाही. पतीवर अवलंबून असलेल्या गृहिणीचीही गत तीच. सांगलीत १९९२ पासून ‘संग्राम’ या संस्थेने वेश्याव्यवसायातील स्त्रियांच्याच हाती निरोध-वाटपाचे काम दिले. त्यातून त्यांची स्वतःची संघटना उभी राहिली. संघटित स्त्री गिऱ्हाइकाला नकार देऊ शकते.

२०१७ च्या एचआयव्हीविषयक कायद्याने तपासणीसाठी संमती, गोपनीयता आणि भेदभावाला बंदी ही तत्त्वे मान्य केली. परंतु कायदा वस्तीपर्यंत आपोआप पोचत नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ ‘समाजस्वास्थ्य’ चालवून, खटले सोसून, हा विषय उघडपणे मांडला. आज कार्यकर्त्याला तेवढे धैर्यही लागत नाही. युनियनच्या सभेत, महिला मंडळात, वस्तीत त्याने हा विषय स्वच्छ शब्दांत काढावा आणि रोग्याबरोबर दवाखान्याच्या पायरीपर्यंत चालावे.